स्ट्रीमरच्या स्क्रीनवरील व्हीयू मीटर आणि बैठकींची जुनी ध्वनिमुद्रणे: काटा हलत नाही, काय करावे?

कृष्णाकाठ

सर्वांना नमस्कार. सहा महिन्यांपूर्वी वडिलांसाठी सहा इंची टचस्क्रीन असलेला स्ट्रीमर (नेटवरची व साठवलेली गाणी वाजवणारे यंत्र) घेतला. बाबांचे वय आता ७६ आहे. नोकरीच्या काळात ते गावोगावच्या बैठकींना टेपरेकॉर्डर घेऊन जात आणि गायकांची परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करीत. त्या १४० कॅसेट मी गेल्या वर्षभरात २४ बिटमध्ये संगणकावर उतरवून फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या) फायलींच्या रूपाने ठेवल्या आहेत. त्यांच्या जुन्या कॅसेट डेकला पिवळसर उजेडाचे दोन डायल होते आणि गाणे ऐकताना त्यांची नजर त्या काट्यांवर खिळलेली असे. म्हणूनच स्क्रीनवर व्हीयू मीटरचे, म्हणजे आवाजाची पातळी मोजणारे काटे दाखवणारे यंत्र मी मुद्दाम निवडले.

अडचण अशी की बाबांच्या ध्वनिमुद्रणांना काटा जवळजवळ हलतच नाही. तानपुरा आणि आलाप चालू असताना तो डावीकडच्या टोकाला पडून असतो, तबला सुरू झाल्यावर जेमतेम थरथरतो. तेच एखादे नवे चित्रपटगीत लावले की दोन्ही काटे उजव्या बाजूच्या लाल पट्ट्यात चढून बसतात आणि गाणे संपेपर्यंत खाली येत नाहीत. सेटिंगमध्ये डायलचे आठ-दहा नमुने आहेत, पार्श्वभूमीचा रंग बदलता येतो, परंतु काट्याची संवेदनशीलता बदलण्याची सोय मला कुठेही सापडली नाही. बाबा दोन दिवस पाहत बसले आणि मग म्हणाले, "घड्याळ लावून ठेव, हे काटे गाण्याचे नाहीत."

दुसरी अडचण अक्षरांची आहे. फायलींना मी सगळी नावे मराठीत दिली, पण स्क्रीनवर 'विलंबित' या शब्दातील वेलांट्या पुढच्या अक्षरावर जाऊन बसतात आणि 'द्रुत' लिहिले तर पाय मोडलेला द आणि त्यापुढे 'रुत' असे दिसते.

काट्यासाठी मला एकच मार्ग सुचतो आहे. सर्व १४० कॅसेटच्या फायली संपादन करून, कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजांतील अंतर कमी करणारे साधन) लावून, त्यांचा आवाज नव्या गाण्यांच्या जवळ आणावा. हे काम सुरू करण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

---

जुना ध्वनिमुद्रक

कृष्णाकाठ, कृपया त्या फायलींना कॉम्प्रेसर लावू नका. मी अनेक वर्षे ध्वनिमुद्रणाचे काम केले आहे, आणि तुमचे वाचून पहिला विचार आला तो हाच, म्हणून तो आधी लिहितो. बैठकीत आलापाचा आवाज लहान असतो आणि द्रुतात तो मोठा होत जातो. या दोहोंतील अंतर हा त्या गायनाचाच भाग आहे. कॉम्प्रेसर नेमके तेच अंतर खाऊन टाकतो. शिवाय तो लहान आवाज वर उचलतो म्हणजे कॅसेटची खरखरही वर उचलतो, आणि मग दोन आलापांच्या मधली शांतता टेपच्या सुसाट्याने भरून जाते. दोष ध्वनिमुद्रणात नाही, मोजपट्टीत आहे. तेव्हा बदलायची ती मोजपट्टी.

ही मोजपट्टी मुळात कशासाठी होती ते सांगतो. व्हीयू मीटर १९३९ साली बेल लॅबोरेटरीज, सीबीएस आणि एनबीसी यांनी मिळून ठरवला. त्याचा काटा मुद्दाम संथ ठेवला होता. स्थिर सूर अचानक सुरू झाला तर काट्याने अंतिम स्थानाच्या ९९ टक्क्यांपर्यंत पोहोचायला ३०० मिलिसेकंद घ्यावेत, एक ते दीड टक्का पुढे जावे आणि परत येऊन स्थिरावे, असा नियम होता. त्यामुळे तो कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाच्या जवळपास राहतो, क्षणिक शिखरे दाखवत नाही. तबल्याच्या किनारीवरचा 'ना' काही मिलिसेकंदांत शिखर गाठून ओसरू लागतो. काटा निघेपर्यंत तो आवाज निम्मा विरलेला असतो. प्रत्यक्ष शिखर काट्याच्या दहा-बारा डेसिबल वर सहज असू शकते. तानपुऱ्याचे उलट आहे. त्याचा नाद अखंड असल्याने काटा एका जागी तरंगतो आणि षड्जाच्या तारेवर बोट पडताना किंचित श्वास घेतल्यासारखा हलतो. तुमच्या वडिलांची नजर ज्यावर खिळत असे ते हेच, याबद्दल मला शंका नाही.

अडचण शून्याची आहे. जुन्या स्टुडिओत ० व्हीयू म्हणजे अधिक ४ डीबीयू (विद्युत संकेताच्या पातळीचे माप), म्हणजे १.२२८ व्होल्ट, आणि त्याच्या वर उपकरणात बरीच मोकळी जागा शिल्लक असे. डिजिटलमध्ये पातळी छतापासून खाली, डीबीएफएसमध्ये मोजतात; ० डीबीएफएस हे छत आहे. त्यावर काहीच नाही. म्हणून युरोपीय प्रसारण संघाच्या प्रथेत उणे १८ डीबीएफएसला आणि अमेरिकी प्रथेत उणे २० डीबीएफएसला मीटरचे शून्य मानतात. तुमच्या यंत्राच्या निर्मात्याने व्हीयूचे चित्र घेतले आणि त्याच्या उजव्या टोकाला डिजिटलचे छत नेऊन बसवले, असे तुमच्या वर्णनावरून दिसते. व्हीयूचा डायल व्होल्टच्या मानाने सरळ चालतो. अधिक ३ हे टोक धरले तर शून्य ७१ टक्क्यांवर, उणे ६ हे ३५ टक्क्यांवर आणि उणे २० अवघ्या ७ टक्क्यांवर येते. तुमच्या कॅसेटची सरासरी पातळी उणे २४ डीबीएफएसच्या आसपास असेल, तर छताला टोक मानणाऱ्या डायलवर तिला जागाच नाही. शून्य उणे १८ वर आणा. तोच काटा ३५ टक्क्यांवर येईल आणि प्रत्येक मींड दिसेल.

याची खातरजमा घरी करता येते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या कार्यक्रमात १००० हर्ट्झचा साइन टोन दोन्ही चॅनेलमध्ये, अॅम्प्लिट्यूड ०.१२६ ठेवून तयार करा. हा उणे १८ डीबीएफएसचा टोन झाला. वाजवताना अॅम्प्लिफायरचा आवाज कमी ठेवा. काटा कुठे थांबतो ते पाहा, म्हणजे निर्मात्याने शून्य कुठे धरले आहे ते कळेल. मोबाइलवर प्रतिसेकंद २४० चित्रांचे मंदगती चित्रण करता येत असेल, तर काटा निघाल्यापासून पोहोचेपर्यंतची चित्रे मोजा. खऱ्या व्हीयूसारखी चाल असेल तर ती ७२ च्या आसपास भरतील. दहा-पंधरा चित्रांतच काटा पोहोचला, तर चित्र व्हीयूचे आणि चाल पीक मीटरची, म्हणजे क्षणिक शिखरे दाखवणाऱ्या मीटरची आहे असे समजावे.

नव्या गाण्यांचे काटे मग अधिकच उजवीकडे आपटतील, हे खरे आहे. त्यासाठी प्लेअरमधील रीप्लेगेन हा पर्याय वापरा. तो फायलीतील आवाजाला हात लावत नाही. किती वाढवावे किंवा घटवावे याची नोंद टॅगमध्ये (फायलीसोबतच्या माहितीत) ठेवतो आणि वाजवताना तेवढाच फरक करतो. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचे लक्ष्य उणे १८ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचे माप) आहे, म्हणजे तुमच्या नव्या शून्याशी ते चांगले जुळते. मात्र 'ट्रॅक' नव्हे, 'अल्बम' हा पर्याय निवडा. एकाच बैठकीचे विलंबित आणि द्रुत तुम्ही वेगळ्या फायलींत ठेवले असेल, तर ट्रॅक पर्याय दोन्हींना सारख्या उंचीवर आणून बसवेल, आणि कॉम्प्रेसर लावला नाही तरी बैठकीची चढण सपाट होईल.

---

सुटे भाग

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मला त्यात कृतीची बाजू जोडायची आहे, कारण तयार यंत्राच्या सेटिंगमध्ये संवेदनशीलता नसेल तर बाहेरून फारसे काही करता येत नाही. मी हे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर केले आहे. त्याची मूळ सात इंची स्क्रीन ८०० बाय ४८० बिंदूंची आहे. व्होल्युमिओ किंवा मूड यांपैकी कोणतीही संगीत प्रणाली घालता येते आणि दोन्हींबरोबर पेपीमीटर हा काटे दाखवणारा मुक्त कार्यक्रम चालतो. ज्यांना स्क्वीझबॉक्स या जुन्या नेटवर्क प्लेअरची सवय आहे त्यांना पायकोअरप्लेअरवर जाइव्हलाइटमध्येही काटे मिळतात, फक्त स्क्वीझलाइटला 'उणे व्ही' (-v) हा पर्याय द्यावा लागतो. तो राहिला तर काटे दिसतात पण हलत नाहीत. डायल स्वतःचा बनवायचा असेल तर मात्र माझी पसंती पेपीमीटरला आहे.

त्यात डायल म्हणजे तीन थर असतात: मागचे चित्र, काट्याचे चित्र आणि हवे असल्यास वरचे चित्र. त्यांची जुळणी 'मीटर्स' नावाच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहिलेली असते. काटा कोणत्या बिंदूभोवती फिरेल, सुरुवातीचा कोन किती, शेवटचा किती, आसापासून काटा किती अंतरावर, एवढेच त्यात भरायचे. कृष्णाकाठ, वडिलांचा जुना डेक अजून घरात असेल तर त्याच्याच डायलचा फोटो वापरा. फोटो अगदी समोरून आणि फ्लॅश न वापरता काढा. डेकचा स्वतःचा दिवा चालू ठेवा, कारण तो पिवळसर उजेड नंतर रंगवून आणता येत नाही. फोटोतील मूळ काटा संपादन करून पुसावा लागतो आणि त्याला अर्धा दिवस सहज लागतो. नवशिके बहुधा चुकतात ते आसाच्या जागेवर. खऱ्या मीटरमध्ये आस डायलच्या दिसणाऱ्या भागाखाली, पट्टीआड असतो. म्हणून उभा निर्देशांक ४८० च्या पुढचा, म्हणजे स्क्रीनच्या बाहेरचा द्यावा लागतो. तो स्क्रीनच्या आत दिला की काटा घड्याळाच्या काट्यासारखा दिसू लागतो.

संवेदनशीलतेसाठी मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये पाइपमधून (प्लेअरकडून मीटरकडे संकेत नेणाऱ्या वाटेने) येणाऱ्या कमाल आवाजाचा आकडा असतो, तो मुळात १०० असतो. तो कमी केला की तोच आवाज डायलवर वर चढतो. जुना ध्वनिमुद्रक यांनी सांगितलेला उणे १८ चा टोन मी सतत चालू ठेवला आणि काटा शून्यावर येईपर्यंत आकडा खाली आणत गेलो. त्यानंतर उणे २४ आणि उणे ३८ चे टोन वाजवले, म्हणजे डायलवरील उणे ६ आणि उणे २०. काटा छापील आकड्यावर न थांबता थोडा अलीकडे-पलीकडे थांबत होता. त्यामुळे मी मागच्या चित्रातील आकडे खोडले आणि काटा जिथे थांबतो तिथे ते नव्याने लिहिले. चाल संथ करण्यासाठी 'स्मूथ बफर साइज' ही नोंद आहे. ती वाढवत जा आणि मंदगती चित्रणाने ३०० मिलिसेकंद जुळवा. चित्र ताजे होण्याचा वेगही तपासा. सेकंदाला ३० वेळा असेल तर ३०० मिलिसेकंदांत फक्त ९ चित्रे दिसतात आणि तीक्ष्ण नजरेला काटा पायऱ्या चढतो आहे असे वाटते.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. या जोडणीत मीटर आवाज कुठून घेतो ते महत्त्वाचे आहे. व्हॉल्यूम सॉफ्टवेअरमध्ये कमी केला तर काटाही खाली येतो. डॅक चिपच्या (डिजिटल आकड्यांचा विद्युत संकेत करणाऱ्या) किंवा अॅम्प्लिफायरच्या बटणाने कमी केला तर काटा जागचा हलत नाही. मापनासाठी दुसरी रीतच योग्य आहे. रीप्लेगेनचा परिणाम मात्र काट्यावर दिसतो, कारण ती आकडेमोड प्लेअरच्या आत, मीटरच्या आधीच झालेली असते.

आता अक्षरांविषयी. हा प्रश्न मला काट्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण स्वतःच्या भाषेतले नाव नीट न दाखवणारी स्क्रीन घरात ठेवणे मलाही जमले नाही. बिघाड तीन प्रकारचा असतो आणि तो नुसता पाहून ओळखता येतो. प्रश्नचिन्हे किंवा लॅटिन अक्षरांचा गोंधळ दिसला तर टॅग युनिकोडमध्ये साठवलेले नाहीत. फ्लॅकमध्ये हे सहसा होत नाही, कारण त्याचे टॅग यूटीएफ-८ मध्येच असतात, पण जुन्या एमपी३ फायलींत होते. रिकामे चौकोन दिसले तर देवनागरी फाँट नाही. वेलांटी सरकलेली आणि जोडाक्षर फुटलेले दिसले, म्हणजे तुमचे उदाहरण, तर फाँट आहे पण अक्षरे जुळवणारी हार्फबझसारखी यंत्रणा त्या कार्यक्रमात नाही. तयार यंत्रात यावर उपाय निर्मात्याच्याच हाती आहे; त्यांना लिहाच, सोबत 'विलंबित' आणि 'द्रुत' या दोन शब्दांचा फोटो जोडा, म्हणजे त्यांच्या अभियंत्याला दोष लगेच उमगेल. रास्पबेरी पायवर मात्र व्होल्युमिओ आणि मूड यांचे स्क्रीनवरील पान क्रोमियम या ब्राउझरमध्ये उघडते, आणि ब्राउझर जोडाक्षरे बरोबर जुळवतो. लोहित किंवा नोटो देवनागरी फाँट तेवढा घालावा. काट्याच्या चित्रावर नावे लिहिण्याचा खटाटोप न करता काट्यांचे पान आणि नावांचे पान वेगळे ठेवणे मला अधिक बरे वाटते.

---

उत्तररात्र

दोन छोट्या सूचना. तुमच्या संग्रहात डीएसडी (एक-बिटी ध्वनिमुद्रणाच्या) फायली असतील तर त्या वाजताना काटा मेलेला दिसू शकतो. त्यात सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० वेळा एकेक बिट असतो. पीसीएमप्रमाणे, म्हणजे फ्लॅकसारख्या नेहमीच्या फायलींप्रमाणे, प्रत्येक नमुन्यात आवाजाची उंची लिहिलेली नसते, आणि मीटरसाठी ती वेगळी गाळून काढावी लागते. अनेक यंत्रे ते करत नाहीत. तो बिघाड समजून यंत्र दुरुस्तीला पाठवू नका.

दुसरी सूचना उजेडाची. रात्री दिवे मालवून ऐकताना सात इंचांची स्क्रीन पूर्ण उजेडात डोळ्यांवर येते आणि कान त्यामागे फरपटत जातात, असा माझा स्वतःचा अनुभव आहे. उजेड एकपंचमांशावर आणा, काळ्या पार्श्वभूमीचा डायल घ्या. स्क्रीन ओलेड असेल तर एकच चित्र तासन्‌तास ठेवल्याने डाग पडण्याचा धोका असतो, म्हणून गाणे थांबल्यावर काही मिनिटांत ती आपोआप बंद होऊ द्यावी. साध्या एलसीडीला हा धोका फारसा नाही.

कोणी खरा, लोखंडी-चुंबकाचा मीटर जोडण्याचा सल्ला देईल. तो सुंदर दिसतो यात वाद नाही, पण लाइन आउटला थेट जोडू नका. मीटरच्या आतील रेक्टिफायर संकेतात विकृती आणतो. म्हणूनच मूळ रचनेत त्याच्या ३९०० ओहमपुढे ३६०० ओहमचा रोध जोडण्याची पद्धत होती. घरगुती उपकरणासाठी मध्ये स्वतंत्र बफर, म्हणजे मीटरला मूळ संकेतापासून अलग ठेवणारे सर्किट, असावाच.

---

कृष्णाकाठ

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. पाच आठवड्यांनी लिहितो आहे. कॉम्प्रेसरचा विचार सोडला. आधी आहे त्या यंत्रावर टोनची चाचणी घेतली. उणे १८ चा टोन सतत वाजत असताना काटा उणे २० च्या खुणेच्या किंचित पुढे उभा होता, म्हणजे जुना ध्वनिमुद्रक यांचे निदान तंतोतंत बरोबर निघाले. निर्मात्याला दोन्ही शब्दांचे फोटो पाठवले आहेत. ते यंत्र आता दिवाणखान्यात आहे आणि बाबांच्या खोलीत रास्पबेरी पाय व सात इंची स्क्रीन बसवली आहे. डायल त्यांच्याच डेकचा आहे. फोटोत काचेवर एक बारीक चरा आला होता, तो मी पुसणार होतो. बाबांनी पुसू दिला नाही.

पहिल्या संध्याकाळी १९८८ सालची एक बैठक लावली. तानपुऱ्यावर दोन्ही काटे उणे १० च्या आसपास तरंगत राहिले, गायकाने षड्ज लावला तेव्हा ते सावकाश उणे ५ पर्यंत आले, आणि समेवर तबला आला तेव्हा बाबांनी काट्याच्या आधी मान हलवली. 'विलंबित' नीट दिसते आहे, 'द्रुत'ही.

आता नवा प्रश्न. काही कॅसेटमध्ये उजवा काटा डाव्यापेक्षा सतत दीड-दोन डेसिबल खाली राहतो. आवाज ऐकून हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते. बाबा म्हणतात, दोन मायक्रोफोन होते आणि दोन्ही मधोमध, सारख्या अंतरावर ठेवले होते. मी उतरवताना चूक केली असेल का?

---

जुना ध्वनिमुद्रक

ते आधी तपासून पाहू. त्याच कॅसेटचा दोन मिनिटांचा भाग पुन्हा उतरवा, परंतु डेकमधून येणाऱ्या डाव्या-उजव्या वायरी संगणकाच्या बाजूला उलट जोडा. आता डावा काटा खाली राहिला तर फरक डेकमधून किंवा टेपमधून येतो आहे. उजवाच खाली राहिला तर दोष संगणकाच्या इनपुटचा आहे. डेकचा निघाला तर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीवर घेऊन पुसा, पूर्ण सुकू द्या आणि तोच भाग तिसऱ्यांदा उतरवा. सुकलेली तपकिरी भुकटी हेडच्या एका बाजूला साचली तर त्या चॅनेलचा आवाज नेमका एवढाच पडतो, आणि वरच्या पट्टीतील चमकही जाते. पुसल्यानंतर फरक मिटला, तर ज्या कॅसेटमध्ये तो दिसतो तेवढ्याच पुन्हा उतरवाव्या लागतील. आधीच्या फायली मात्र तोवर काढून टाकू नका. पुसूनही फरक राहिला तर तो त्या दिवशीच्या टेपवरच आहे. अशा वेळी फाइलमध्ये बदल न करता प्लेअरचा बॅलन्स तेवढा सरकवा, आणि कोणत्या कॅसेटला किती लागतो ते कव्हरवर पेन्सिलीने लिहून ठेवा.